सहाशे चाळीस भांडी आणि एकच आडनाव

फाल्गुन सरत आला तरी पहाटेचा गारवा वाळंजवाडीतून पाय काढायला तयार नव्हता. जांबे गावाच्या वरच्या अंगाला ही एवढीशी वाडी, आणि समोर हिंजवडीचे टॉवर. धुकं आणि बांधकामाची धूळ मिळून एक मळकं कांबळं त्या टॉवरांच्या डोक्यावर पडलेलं, आणि त्याच्याखालून कंपन्यांच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झालेले.

गोजराबाई त्याच्याही आधी उठली होती. भैरोबाच्या देवळामागच्या टाकीवर पाट टाकून ती पितळी घंगाळ घासत होती. चिंचेचा कोळ, चुलीतली राख, वर चिमूटभर मीठ. हात असा फिरत होता, की घंगाळाला गुदगुल्याच होत असाव्यात. यात्रा आठ दिवसांवर आलेली आणि कोठीत अजून दोनशे भांडी काळं तोंड करून बसलेली.

"मावशी, काय करायलाव एवढ्या सकाळी?"

तोंडात ब्रश धरून अमोघ उभा होता. हा तिचा भाडेकरू. परभणीकडचा पोरगा, हिंजवडीत कंप्युटरच्या कामाला, तिच्या घरामागच्या खोलीत दीड वर्षापासून राहायला.

"लगीन लावतीया घंगाळाचं," गोजराबाई म्हणाली. "वऱ्हाडी कमी पडल्यात. येतूस?"

अमोघ हसला आणि फेस सावरत पळाला. आठच्या गाडीला त्याला रोज पळतच जावं लागे.

वाळंजवाडीत एक रीत होती. कुणाचं लग्न झालं, कुणाला पोरगं झालं, कुणी वर गेलं, की त्या घरानं भैरोबाला एक भांडं द्यायचं. नुसतं द्यायचं नाही, त्यावर नाव घालून द्यायचं. अशी साठ-सत्तर वर्षांत सहाशे चाळीस भांडी कोठीत जमली होती. घंगाळं, पराती, तपेली, हंडे, पळ्या. यात्रेच्या जेवणाला, वाडीतल्या लग्नाला मंडपवाल्याकडून चमचासुद्धा आणावा लागत नसे. या कोठीची किल्ली एकतीस वर्षं गोजराबाईच्या कमरेला होती. आणि जिच्या कमरेला किल्ली, तिच्या हातानं यात्रेच्या चुलवणाला पहिला जाळ लागायचा. एवढाच काय तो मान. पण तेवढ्या मानावर बाई वर्षभर ताठ चालायची.

तिला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण कुठलंही भांडं हातात द्या. काठाखालून बोट फिरवायची आणि सांगायची, हे कुणाच्या घरचं, कुणाच्या लग्नातलं, आणि त्या लग्नात कोण कुणावर रुसलं होतं. हे तिला कसं कळतं, ते मात्र कुणी कधी विचारलं नव्हतं.

घंगाळ उपडं घालून ती उठते तोच जयसिंग आला. हा तिच्या दिराचा मुलगा आणि देवस्थान कमिटीचा नवा अध्यक्ष. अंगात पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, त्यातलं एक चालणारं.

"काकी, एक बोलायचं व्हतं."

"बोल की. तोंड तुझंच हाय."

"गेल्या यात्रेत परात गेली. ती मोठी, कोंडाजीबाबाची."

"गेली न्हाई. हाय तितं हाय."

"मंग हाय कुटं?"

"हाय."

परात कुठं आहे ते गोजराबाईला पक्कं ठाऊक होतं. पण भावकीत चारचौघांत बोलायची ती गोष्ट नव्हती, म्हणून वर्षभर तिनं तोंडाला टाका घातला होता.

"ह्ये आसं चालायचं न्हाई," जयसिंग म्हणाला. "यंदा समदी भांडी कंप्युटरवर. तुमचा भाडेकरू करून देतो म्हनलाय. यात्रेत सिस्टीम चालली, तर किल्ली कमिटीच्या कपाटात. तुमीबी आता आराम करा."

आराम हा शब्द गोजराबाईला चिंचेच्या पाण्यासारखा झोंबला. पण नाही म्हणावं, तर वाडी म्हणणार, म्हातारीला काहीतरी लपवायचंय. "कर बाबा," ती म्हणाली, आणि तेच स्वच्छ घंगाळ पुन्हा उलटून घासायला लागली.

अमोघला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो खुशीत होता, कारण ऑफिसात त्याचं कामच हे होतं. संध्याकाळी भाकरी खाताना त्यानं गोजराबाईला समजावून सांगितलं.

"मावशी, माहिती ठेवायचे मोठे डेटाबेस असतात ना, ते म्हणजे तहसील कचेरी. अर्ज द्या, शिपायाला भेटा, रांगेत थांबा. आमचा डेटाबेस छोटा. तो म्हणजे घरातलं फडताळ. कचेरी नाही, शिपाई नाही. सगळा मिळून एका फाइलीत मावतो. हात घातला की वस्तू हातात."

"आन् दोन बायांनी एकदमच हात घातला तर?"

"बघायला कितीही बायका चालतात. ठेवायला मात्र एका वेळी एकच."

"मंग बरं हाय. आमच्याकडं ठेवायला एकबी येत न्हाई, बगायला समदी वाडी."

किल्लीचं ती त्याला बोलली नाही. पोरगं भोळं. ऐकलं असतं तर काम टाकून मोकळं झालं असतं, आणि जयसिंग म्हणाला असता, म्हातारीनं पोराला फोडलं.

रविवारी देवळाच्या ओसरीवर नोंदणी मांडली. अमोघचा जुना लॅपटॉप पाटावर, अमोघ त्याच्यासमोर मांडी घालून. गोजराबाई एकेक भांडं घ्यायची, बोट फिरवायची आणि सांगायची, "दोन, सात, तीन. घंगाळ. कोंडाजी धोंडिबा वाळंज. पोराच्या लग्नातलं." अमोघ ऐकेल ते टाइप करायचा. सुरुवातीचे आकडे म्हणजे म्हातारीची स्वतःशी मोजणी असावी असं त्याला वाटलं. पण ऐकलेलं टाकून कशाला द्यायचं, म्हणून तो ते शेवटच्या 'शेरा' नावाच्या रकान्यात लिहीत गेला.

पहिल्या तासातच गोजराबाई पुढं आणि मशीन मागं अशी गत झाली. ती तिसरं भांडं सांगायची तेव्हा लॅपटॉप पहिल्यावरच कुरकुरत असायचा.

"का रं दमलं त्ये?"

"तसं नाही मावशी. एका भांड्याची पाच ठिकाणी नोंद आहे, आणि प्रत्येक नोंद ते डिस्कवर नीट बसली का, हे बघूनच पुढं जातं."

"म्हंजी कोठीचं दार उघडायचं, पळी ठेवायची, कुलूप घालायचं, वढून बगायचं, मंग दुसरी पळी आनायची?"

"अगदी तसंच."

"आरं मग समदी आळी आत लाव आन् एकदाच कुलूप घाल की!"

अमोघनं कपाळावर हात मारला. ऑफिसात हेच तो नव्या पोरांना शिकवायचा. त्यानं लगेच एका आळीची सगळी भांडी एकाच फेऱ्यात जमा व्हावीत अशी सोय केली, आणि लॅपटॉप वासरासारखा उधळला. वरली आळी अशी दणक्यात संपली. मधल्या आळीचं शेवटचं तपेलं लिहीत असताना वाडीची वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी नावालाच होती. पडदा काळा.

"गेलं?" गोजराबाईनं विचारलं.

"घाबरू नका. याचा हाच तर मोठेपणा आहे. अर्धवट काही राहत नाही. एक तर सगळं, नाही तर काहीच नाही."

"मंग ह्या खेपंला काय?"

"काहीच नाही."

दोन तासांनी वीज आली. गोजराबाईनं मधली आळी पुन्हा पहिल्यापासून सांगितली. आकडा हलला नाही, नाव चुकलं नाही, रुसवेफुगवेही तेच. अमोघ तिच्याकडं बघतच राहिला.

ऊन कलताना ती यादीच्या शेवटच्या परातीवर आली. हातात भांडं नव्हतं, तरी तिनं सांगितलं. "दोन, सात, चार. मोठी परात."

"ही कुठं आहे? 'कुणाकडे' असा रकाना आहे."

गोजराबाईनं इकडंतिकडं बघितलं. ओसरीवर कुणी नव्हतं. खालच्या आवाजात तिनं ठिकाण सांगितलं. दिवसभराच्या सहाशे चाळीस नावांनी बधिर झालेल्या अमोघनं ते निमूटपणे टाइप केलं आणि फाइल बंद केली.

यात्रेच्या आदल्या दिवशी भांडी घरोघर वाटली. ते काम मशीननं झोकात केलं, कारण तेव्हा नुसतं लिहायचंच होतं. जयसिंग लॅपटॉपच्या मागं हात बांधून उभा राहिला आणि येईल त्याला सांगत राहिला, "सिस्टीम हाय." यात्रेच्या दिवशी चुलवणाला गोजराबाईनं जाळ घातला. हा बहुतेक शेवटचा, असं मनात येऊन तिनं काडी जरा सावकाशच ओढली.

खरी गंमत झाली दुसऱ्या दिवशी सकाळी.

भांडी परत करायला सगळी वाडी ओसरीसमोर. पहिला नंबर साळूबाईचा. ही गोजराबाईची चुलत जाऊ, वरच्या आळीतली. जिभेला हाड असतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं डोक्यावरचं तपेलं आपटलं.

"घ्या! कोंडाजी वाळंज."

अमोघनं नाव टाकलं, बटण दाबलं. हे भांडं कुणाचं, कोणत्या घरानं नेलं आणि परत आलं का, या तीन याद्या जुळवून उत्तर यायचं होतं. लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा घोंगावायला लागला. माणसं बघत राहिली. पुजाऱ्यानं घंटा वाजवली, प्रसाद वाटला, तोवर उत्तर आलं. सात कोंडाजी वाळंज, एकवीस भांडी. यातलं कुठलं?

"सव्वा मिन्ट लागलं," मागून कुणीतरी घड्याळ बघून म्हणालं.

"सव्वा मिन्टाला एक," साळूबाईनं हिशेब मांडला. "आन् भांडी सहाशे चाळीस. जयसिंगा, पुढल्या यात्रेची पत्रिका आत्ताच छापून घे. रांगंत हायेत तवर वाटून टाकू."

अमोघच्या मानेवरून घाम ओघळला. ऑफिसात त्यानं हेच पन्नास नावांवर तपासलं होतं तेव्हा बटणावरचं बोट उचलायच्या आत उत्तर आलं होतं. पण ती पन्नास नावं ऑफिसातल्या लोकांची होती. कुणी कुलकर्णी, कुणी पाटील, कुणी अय्यर, कुणी चौधरी. आडनाव धरलं की माणूस हातात. म्हणून त्यानं शोधायची खूण आडनावावरच लावली होती. इथं मात्र रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाचं आडनाव वाळंज होतं. मेलेल्यांचंही तेच.

"काय झालंय त्याला?" गोजराबाईनं पाटावरूनच विचारलं.

"मावशी, याला दोन याद्या जुळवायची एकच पद्धत येते. एकीतलं एक नाव धरायचं आणि दुसरी यादी धुंडाळायची. मी त्याला सांगून ठेवलंय की आधी वाळंज बघ, पुढचं सोपं जाईल. ते बिचारं वाळंज म्हणून हाक मारतंय, आणि सहाशेच्या सहाशे भांडी ओ देतायत. त्या प्रत्येकासाठी पुन्हा दुसरी यादी, तिच्यातही वाळंज. मग घरांची यादी—"

"तितंबी वाळंज."

"सगळीकडं वाळंज!" अमोघ रडकुंडीला आला.

"ह्या वाडीत येसकरानं 'ओ वाळंज' म्हनून हाक मारली तर कुत्रीसुदीक मागं बगत्याल," साळूबाई म्हणाली. "तुला येवढं ठावं नव्हतं व्हय रं, लेकरा?" मग ती वाकून त्याच्या कानाशी लागली, म्हणजे निम्म्या रांगेला ऐकू जाईल एवढंच बोलली. "पर एका परीनं बरंच झालं. ह्ये तुझं चाललं आसतं, तर गोजराची किल्ली गेली आसती. तसं ठरलंय."

अमोघनं मान वर केली. त्यानं साळूबाईकडं बघितलं, मग गोजराबाईकडं. दीड वर्षं तिच्या हातची भाकरी खाल्लेला पोरगा असा लालबुंद झाला, की तिलाच कसंनुसं झालं.

"मावशी, तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलून काय व्हनार व्हतं? काम कर."

"मला नाही करायचं." त्यानं लॅपटॉप मिटायला हात लावला.

गोजराबाई नुसती बसून राहिली असती, तरी ती जिंकत होती. जयसिंगचा चेहरा आत्ताच भिजल्या पापडासारखा झाला होता. पण तिची नजर अंगणाकडं गेली. वैतागलेल्या बायांनी भांडी कशीही टाकायला सुरुवात केली होती. वरल्या आळीची तपेली खालल्या आळीच्या परातीत, पितळेवर ॲल्युमिनियम, आणि एका घंगाळात कुणीतरी चपला ठेवलेल्या. आठ दिवस ज्याला चिंच लावली ते घंगाळ! किल्ली गेली तर गेली, पण हे असलं उघड्या डोळ्यांनी बघणं तिच्या रक्तात नव्हतं.

"आरं ए शहाण्या," ती ओरडली, "नाव कशाला ईचारतूस त्याला? मी तुला दोन-सात-तीन, तीन-चार-एक आसं सांगत व्हते, त्ये काय वव्या गात व्हते व्हय?"

अमोघचा हात थांबला. "ती तुमची मोजणी नव्हती?"

गोजराबाईनं साळूबाईचं तपेलं ओढून घेतलं आणि उलटं करून त्याच्या नाकासमोर धरलं. काठाच्या आत, नजर पोचणार नाही अशा जागी, खिळ्यानं ठोकलेल्या खुणा होत्या. आडव्या रेघा, मग टिंबं, मग उभ्या रेघा.

"ह्या रेगा म्हंजी आळी. टिंबं म्हंजी आळीतलं घर. उब्या रेगा म्हंजी त्या घरचं कितवं भांडं. सासूनं शिकिवलं, तिला तिच्या सासूनं. ह्या वाडीत कोंडाजी सात झालं, पर दोन-सात-तीन एकच हाय. आता फिरव बोट."

अमोघनं बोट फिरवलं. त्याला कळलं ते फक्त एवढंच, की काठ धारदार आहे. पण डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. सहाशे चाळीस भांडी, सहाशे चाळीस वेगळे आकडे, आणि ते सगळे इतके दिवस त्याच्याच फाइलीत, शेवटच्या रकान्यात, अंग चोरून बसलेले. त्यानं आडनावावरची खूण पुसली, शेऱ्याच्या रकान्यावर लावली, शोधाची ओळ बदलली. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

"सांगा मावशी."

गोजराबाईनं तपेल्याखाली बोट घातलं. "एक, पाच, दोन."

बटण दाबलं, आणि पंख्याला घोंगावायची फुरसतसुद्धा मिळाली नाही. "कोंडाजी बाळाजी वाळंज, वरली आळी. साळूबाईंनी नेलं, आलं."

"आगं बया!" साळूबाई म्हणाली. "माज्या आधी ह्यालाच कळलं!"

मग रांग अशी सरकायला लागली की बघत राहावं. गोजराबाई बोट फिरवायची, तीन आकडे बोलायची. अमोघ ते टाकायचा. भांडं आपल्या ढिगात. जयसिंगच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. त्यानंही एक हंडा उचलून आकडा सांगून बघितला. तीन-नऊ-एक. मशीन म्हणालं, असं भांडं नाही.

"तीन-सा-एक," गोजराबाई त्याच्याकडं न बघता म्हणाली. "पोचा पडल्याली तीन टिंबं जास्तीची धरलीस तू."

दुपारच्या आरतीला रांग संपली. जयसिंगनं घसा खाकरला आणि ओसरीच्या पायरीवर उभा राहिला.

"मंडळी, सिस्टीम चालली. समद्यांनी बगितलं. आता गेल्या सालासारकी भांडी गायब व्हनार न्हाईत. अमोघराव, बाहेर काय ऱ्हायलंय का, त्ये वाचून दावा. मोट्यांदी."

अमोघनं बटण दाबलं. एकच ओळ आली. त्यानं ती वाचली, आणि वाचताना ती आपणच टाइप केली होती हे त्याला आठवलं. पण तोवर उशीर झाला होता.

"दोन-सात-चार. मोठी परात, कोंडाजी धोंडिबा वाळंज. कुणाकडे: जयसिंग, माळ्यावर. कुरडया वाळवायला नेली, गेल्या साली."

साळूबाईला जे हसू फुटलं, त्यानं देवळावरची कबुतरं उठली. पाठोपाठ सगळी वाडी. माणसं खांबाला धरून हसत होती. जयसिंगची बायको पदर तोंडाशी धरून गर्दीतून निसटली ती थेट घराकडं. माळ्यावर काहीतरी धडधडल्याचा आवाज खाली देवळापर्यंत आला.

"काकी," जयसिंग हळू आवाजात म्हणाला, "तुमाला ठावं व्हतं, तर मला सांगायचं."

"भावकीत कशाला बोभाटा, म्हनलं. ह्या पोरानं ईचारलं, म्हून त्याला सांगितलं. त्ये मशीन आसं मोट्यांदी बोलंल हे मला काय म्हाईत?"

तिनं कमरेची किल्ली काढली आणि त्याच्यापुढं धरली. "घे. सिस्टीम चालली, तर कमिटीच्या कपाटात. आसंच ठरलंय."

जयसिंगनं किल्लीकडं बघितलं. मग अंगणातल्या ढिगाकडं. मग अमोघकडं वळून विचारलं, "बोट न फिरवता मशीनला आकडा कळायची काय सोय?"

"नाही."

"तुमी शिकला?"

अमोघनं आपलं बोट दाखवलं. त्यावर चार ठिकाणी हळद दाबलेली होती.

"ऱ्हाऊ द्या काकी तुमच्याकडंच," जयसिंग म्हणाला. "कपाटाचं कुलूप तसंबी खराब हाय."

"मंग आरामाचं काय?"

तेवढ्यात गर्दीतून जयसिंगची पोरगी परात डोक्यावर घेऊन आली आणि ती टाकीपाशी ठेवून पळाली. वर्षभराच्या कुरडयांचा चीक काठाला वाळून खडखडीत झाला होता. गोजराबाईनं काठाखालून बोट फिरवलं, दोन, सात, चार. किल्ली कमरेला खोचली. मग पाट ओढला, चिंचेचं बोळकं जवळ घेतलं आणि परातीवर राखेची पहिली मूठ टाकली.